मिरगाआधी दोन हार्ड डिस्क घेऊन येते

पुणे, १७ मे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही दशावताराच्या व्हिडिओंच्या डिस्कबद्दल म्हणालात, "डिस्क टक् टक् करते आणि कॉम्प्युटरात दिसत नाही," तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. घाईत धड बोलणं झालं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते.

आधी तातडीचं. ती डिस्क आता एकदाही जोडून बघू नका. आतल्या फिरत्या चकतीवरून वाचणारा हेड केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. तो बिघडला की असा आवाज येतो, आणि दर वेळी चालू केल्यावर चकतीवर ओरखडा पडायची भीती असते. कुणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं तर तेही करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या हवेत तर नक्कीच. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. मी येऊन पुण्याला नेते. धूळ नसलेल्या बंद खोलीत डिस्क उघडून डेटा काढून देणारी माणसं इथे आहेत. डेटा निघेलच असं नाही, आणि खर्चही नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो. पण आता फक्त त्या डिस्कवरच उरलेल्या एकतीस कॅसेटींसाठी तो मी करणार आहे. यावर वाद नको.

२००६-०७ च्या जत्रांच्या त्या एकतीस कॅसेटींना बुरशी आली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "डिस्कवर आहे ना, मग झालं." मीही हो म्हटलं. डिस्कवर आहे म्हणजे एकाच ठिकाणी आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

तुमच्याइतकंच मलाही ते का लागतंय, सांगते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, पण संवाद त्या रात्रीचे, समोर बसलेल्या लोकांना बघून सुचलेले. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो, मग आख्यान उभं राहतं, पहाटे दहीकाला होतो आणि बोललेलं सगळं हवेत विरतं. पुढच्या देवळात तीच मंडळी तेच आख्यान करतात तेव्हा शब्द वेगळे असतात. त्या दोन राजांची तासभर चाललेली जुगलबंदी तुमच्या कॅसेटीशिवाय जगात कुठेच नाही. त्यातले काही नट आता हयातही नाहीत.

आता बाजारातल्या त्या मुलाने मोबाइलवर दाखवलेली 'सोळा टीबी एसएसडी, दोन हजारांत'. (एसएसडी म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क.) ती अजिबात घेऊ नका, बाबा. अशा डब्यात साधं मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हचा तुकडा बसवलेला असतो, आणि कॉम्प्युटरला सोळा टीबी सांगायला त्याला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढच्या फायली जुन्यांवर चढतात किंवा नुसत्या नावापुरत्या उरतात. यादीत नावं दिसतात, म्हणून काही महिने कळतही नाही. खरी सोळा टीबीची एसएसडी दोन हजारांत कुणीच देऊ शकत नाही. मी घेईन ती नवी डिस्कसुद्धा आधी 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून, वाचून बघणार आहे. त्याला बराच वेळ लागतो, पण खोटी डिस्क यात लपत नाही.

किती जागा लागेल याचा हिशेब मांडला. मिनी डीव्हीची तासाभराची कॅसेट साधारण १३ जीबी घेते. तुमच्या १४३ कॅसेटी, म्हणजे १८५९ जीबी. नंतरच्या कार्डवाल्या कॅमेऱ्याचे सुमारे ७०० जीबी कॉम्प्युटरातच आहेत, ते वाचलेत. आईच्या मोबाइलवरचं धरून पावणेतीन टीबीच्या आत बसतं. म्हणून प्रत्येकी चार टीबीच्या दोन. लावल्यावर कॉम्प्युटर ३.६३ टीबी दाखवेल, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच फरक.

व्हिडिओ छोटे करून एमपी४ मध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर मूळ फायली तशाच राहू द्या. कॅसेटीवरचं डीव्ही चित्रण आधीच दाबलेलं असतं. परत दाबलं की गॅसबत्तीच्या उजेडातले ते चेहरे आणखी गढूळ होतात. टीव्हीवर बघायला छोट्या प्रती वेगळ्या करू.

एसएसडीत हलणारा भाग नसतो, पडली तरी सहसा काही होत नाही आणि वेगही जास्त. रोज एडिटिंग करणाऱ्याने तीच घ्यावी. पण तेवढ्याच जागेला पैसे कितीतरी जास्त पडतात, आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातली नोंद हळूहळू पुसट व्हायचा धोका असतो. आपल्याला वर्षातून चार वेळा काढून परत ठेवायची आहे, तेव्हा साधी चकतीवालीच बरी. मोठ्या, टेबलावर ठेवायच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. आपल्याकडे पावसात वीज कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून कॉम्प्युटरच्याच केबलवर चालणारी अडीच इंची घेते. तिच्यावर एकदम खूप भरलं की मध्येच वेग मंदावतो. अशा वेळी बिघडली समजून केबल ओढू नका, चालू द्या.

कुठली कंपनी, हे तुम्ही तीनदा विचारलंत. चकतीवाल्या डिस्क बनवणाऱ्या आता जगात तीनच मोठ्या कंपन्या उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. इंटरनेटवर लोकांच्या फायली साठवणारी अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी स्वतःच्या लाखो डिस्कपैकी किती बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला शंभरात साधारण एक ते पावणेदोन आहे. त्या डिस्क गार, स्थिर खोलीत असतात, आपल्या माजघरात नाही. म्हणजे सगळ्यात चांगली घेतली तरी ती एक दिवस जाणारच, कधी ते कुणी सांगू शकत नाही. तीन वर्षांच्या वॉरंटीत कंपनी नवी डिस्क देते, आतली जत्रा देत नाही. म्हणून मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेते, म्हणजे एखाद्या लॉटमध्ये दोष असला तर दोन्ही एकदम जाणार नाहीत. एक तुमच्याकडे राहील, एक माझ्याकडे पुण्यात. दर वर्षी गणेश चतुर्थीला मी माझी घेऊन येईन, नवं भरू आणि अदलाबदल करू. छतावर वीज पडली किंवा घरात पाणी शिरलं तरी एक प्रत घाटाच्या वर असेल.

इंटरनेटवर का ठेवत नाही, असं दादा विचारत होता. घरचं नेट वर चढवताना फार तर २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) वेग देतं. पावणेतीन टीबीला अखंड बारा-तेरा दिवस लागतील, तेही वीज न जाता. जुगलबंदीच्या निवडक दहा-बारा रात्री तिथे ठेवू, सगळं नको.

आता तुमचं काम, बाबा. चांगल्या असलेल्या ११२ कॅसेटी टाकून द्यायचा विषय कायमचा बंद. त्या पुन्हा उतरवायला ११२ तास लागतील, कारण कॅसेट चालते तेवढाच वेळ घेते. तेव्हा आधी तो जुना कॅमेरा चालतो का, हे एखादी कोरी कॅसेट घालून बघून ठेवा. तो बंद पडला तर कॅसेटी असून नसल्यासारख्या होतील. उतरवून झालं की नुसती कॉपी करायची नाही, 'टेराकॉपी' या प्रोग्रॅमने पडताळून घ्यायची. मी येईन तेव्हा दाखवते. केबल काढायच्या आधी दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करायचं. डिस्क चालू असताना उचलून इकडून तिकडे न्यायची नाही. ठेवायला मी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणते. देव्हाऱ्यामागच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल येते.

आई, तुझ्याकडे एक मोठं मागणं आहे. बाबांच्या फायलींची नावं 'क्लिप ००१७' अशी आहेत. कुठलं गाव, कुठली जत्रा, दशावतार मंडळी मोचेमाडकरांची होती की वालावलकरांची, आख्यान कुठलं, राजाचं काम कुणी केलं, हे सगळं तू त्या निळ्या वहीत लिहिलं आहेस, आणि जे वहीत नाही ते तुझ्या डोक्यात आहे. मी आले की दोन दिवस तुझ्याजवळ बसते. तू सांगायचं, मी प्रत्येक फायलीला तारीख आणि गाव घालून नाव देईन. वहीच्या पानांचे फोटो काढून तेही दोन्ही डिस्कवर ठेवू. तुझ्या वहीशिवाय त्या पावणेतीन टीबीतून काही शोधणं कुणालाच जमणार नाही.

५ जूनच्या रात्रीच्या गाडीने निघते, सकाळी कुडाळला उतरेन. दोन्ही डिस्क तपासून, हातातल्या बॅगेत घेऊन येते. परतताना ती टक् टक् करणारी तशीच मांडीवर धरून नेईन. बाबा, स्टेशनवर यायची घाई करू नका, मी रिक्षाने येते. आई, फणसाची भाजी असली तर ठेव.

तुमची,
बाय