सुटल्याची बातमी कितव्या पानावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख वाचला. दहशतवादाशी लढायचं तर सुक्याबरोबर थोडं ओलंही जळणारच, असं तुम्ही लिहिलंय आणि वर मानवाधिकारवाल्यांना चार शब्द सुनावलेत. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलो.

त्या जळणाऱ्यांपैकी एक जण माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्या मोठ्या भावाला एका स्फोटाच्या केसमध्ये उचललं होतं, पुढे तो निर्दोष सुटला, पण तोवर वडील गेले, ठरलेलं लग्न मोडलं, आणि आता देशात कुठेही स्फोट झाला की चौकशीला बोलावणं येतं ते या धाकट्याला. सकाळी जाऊन बाकावर बसायचं, दुपारी साहेब राऊंडला गेलेत म्हणून थांबायचं, संध्याकाळी "जा, लागलं तर बोलवू". रजा याची जाते. याच्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकची एक फाइल आहे, त्यात मस्टरच्या झेरॉक्स, एसटीची तिकिटं, औषधांची बिलं, लग्नाला गेला असेल तर ती पत्रिका, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. उद्या कुणी विचारलं अमुक दिवशी कुठे होतास, तर दाखवायला. संपादकसाहेब, तुमच्याकडे आहे अशी फाइल? माझ्याकडे नाही, मला कधी लागलीच नाही.

त्याने दाढी काढली. शुक्रवारच्या नमाजला घराजवळच्या मशिदीत जाणं बंद केलं, कारण चौकशीत तिथे कोण कोण येतं ते विचारतात आणि मग नावं सांगावी लागतात. घटनेच्या कलम २५ मधला धर्म पाळण्याचा हक्क त्याच्याकडून कुणी लेखी ऑर्डर काढून घेतला नाही, तो असाच गेला. एकदा मी हजेरीचा दाखला घेऊन त्याच्यासोबत गेलो तर तिथले अधिकारी मलाच समजावायला लागले, "साहेब, तुम्ही चांगल्या घरचे, तुम्ही कशाला पडता यात?" तो बाजूलाच उभा होता.

बरं, यातून सुरक्षा तरी मिळते का? मालेगावला सप्टेंबर २००६ मध्ये स्फोट झाले, नऊ जणांना पकडलं, पाच वर्षांनी जामीन आणि २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ ला बारा जण दोषी, त्यातल्या पाच जणांना फाशी, आणि जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, त्यातला एक तर आधीच तुरुंगात वारला होता. सुप्रीम कोर्टात अपील आहे, तिथे काय व्हायचं ते होईल, पण हायकोर्टाचं बरोबर असेल तर बॉम्ब ठेवणारे इतकी वर्षं मोकळे आहेत ना? ज्यांचे मुलगे, नवरे त्या डब्यांत गेले त्यांना काय मिळालं? चुकीचा माणूस आत गेला की तपास तिथेच संपतो, हे तुमच्या अग्रलेखात एका ओळीनेही नाही.

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात चार्जशीटशिवाय १८० दिवस आत ठेवता येतं, आणि आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. खटला रखडला तर जामीन देता येतो असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं खरं, पण तिथपर्यंत पोचायला वकील आणि पैसा लागतो. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून विधी आयोगाने २०१८ मध्ये अख्खा अहवाल दिला, २७७ वा, त्यावर अजून कायदा नाही. त्यावर लिहा की एखादा अग्रलेख.

आणि शेवटचं, हे तुमच्या हातातलं आहे. भावाला पकडलं तेव्हा तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, गल्लीच्या नावासकट. सुटला तेव्हा आतल्या पानात चार ओळी, फोटो नाही. जेवढ्या मोठ्या अक्षरात अटक छापता तेवढ्याच अक्षरात, त्याच पानावर सुटका छापा, त्याला कुठल्या कायद्याची गरज नाही.

मागचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलं होतं आणि मला जे म्हणायचं होतं तेच गेलं. यावेळी जागा कमी असेल तर कायद्याची कलमं कापा, बाकीचं तसंच जाऊ द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार