तुरी आत्ताच विकू नका

नागपूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "एमए झालं ना, मंग आता अजून कोन्तं सर्टिफिकेट पायजे?" बसमध्ये गर्दी होती, धड बोलता आलं नाही. त्यात आई मागून म्हणाली की तुरी विकून पैसे पाठवतो. म्हणून हे पत्र. तुरी आत्ताच विकू नका. भाव पडलेला आहे आणि मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायला शिकवतो म्हणणाऱ्या त्या जाहिरातीतल्या कोर्सला मी जाणार नाही.

तो कोर्स शनिवार-रविवारचा, तोही मोबाईलवर. शेवटी "आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त सायकोमेट्रिक तज्ज्ञ" असं प्रमाणपत्र मिळतं. मी फोन लावून विचारलं, मान्यता कोणाची? आधी आयएसओचं नाव सांगितलं, मग उद्यम नोंदणीचं. आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो, एवढंच. उद्यम नोंदणी तर आपल्या चौकातला पिठाच्या गिरणीवालाही करू शकतो. चाचणी कशी घ्यायची हे तिथे खरंच शिकवतात का, याचा दोन्हीशी काही संबंध नाही. बाबा, बोगस बियाण्याच्या पिशवीवरची छपाईसुद्धा झकासच असते.

आता मानसशास्त्राच्या एमएचं खरं सांगते. प्रात्यक्षिकं झाली, पण एकमेकींवरच. मी मैत्रिणीची रेव्हनची म्हणजे आकृत्यांवरून बुद्धी मापायची चाचणी घेतली, तिने माझी घेतली, जर्नलवर सही झाली आणि दोघी हुशार निघालो. त्याने पदवी मिळते, पण समोर अडचणीतलं लेकरू बसलं की काय करायचं हे येत नाही. ते मी आत्ता, जिथे मदतनीस आहे त्या मॅडमच्या शेजारी बसून बघते आहे.

आई, शेजारच्या काकूंच्या पोराचं तुला माहीत आहे, म्हणून तुला हे लवकर समजेल. सामाजिक परिपक्वतेची एक चाचणी असते. तिच्यात बहुतेक प्रश्न मुलाला नाही, आईला विचारतात. हाताने जेवतो का, कपडे घालतो का, एकटा कुठवर जातो. परवा एक बाई आली होती, सासू बाजूला बसलेली. प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर, "करते ना जी." चारचौघांत आपलं लेकरू कमी आहे असं कोणती आई म्हणेल? मॅडमनी सासूला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि सहज विचारलं, "आज सकाळी आंघोळ कोणी घातली?" तेव्हा ती गप्प झाली, मग हळूहळू खरं बोलली.

यावर किती अवलंबून असतं बघा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या चाचणीचा गुणांक ५५ ते ६९ आला तर अपंगत्व ५० टक्के धरलं होतं आणि ७० ते ८४ आला तर २५ टक्के. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ६९ च्या जागी ७० मांडले की त्या घराच्या हातात काहीच येत नाही. हे काम शनिवार-रविवारात शिकलेल्या माणसाच्या हाती द्यावं, असं मला वाटत नाही. अगदी तो माणूस मी असले तरी.

आणि ही चाचणी आपण जी वापरतो ती "नागपूर अ‍ॅडाप्टेशन", म्हणजे नागपूरला केलेलं रूपांतर, म्हणून देशभर ओळखली जाते. मालिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इथेच ती भारतीय मुलांसाठी बसवली. त्यांचीच मुलांची बुद्धिमापन चाचणी १९६९ ची, तीही अजून वापरात आहे. विदर्भातून निघालेली गोष्ट शिकायला विदर्भातल्या पोरीला एवढी वणवण, याची गंमतही वाटते आणि रागही येतो.

तर माझं ठरलं ते असं. दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे तपासून निदान करणारी मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. १९९२ च्या कायद्याने ती परिषद झाली. इतकी वर्षं त्यासाठी तिने मान्य केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. करायचे. विद्यापीठांवर लक्ष ठेवणाऱ्या यूजीसीने त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली, आता वेगळ्या नावांचे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून मी नावाला भुलत नाही. परिषदेच्या यादीत ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष, तिन्ही असतील तरच अर्ज भरायचा. कॉलेज मोठं, इमारत चकाचक, पण त्या वर्षाची मंजुरीच नाही, असंही होऊ शकतं.

दादा म्हणतो तसं दहावीच्या मुलांच्या कलचाचण्यांचं कामही आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी अशा चाचण्या स्वतः तयार करते, तिथे शिकायलाही आवडेल. कंपन्यांत भरतीसाठी चाचण्या घेणाऱ्यांना ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची पात्रता उपयोगी पडते, पण ती नोकरीपुरती. आपल्या तालुक्यातल्या पोरांना तिचा काय उपयोग? माझं मन लहान मुलांतच आहे.

तोवर मॅडमकडे मदतनीस म्हणून राहीन. पगार थोडा आहे, पण खोलीभाडं आणि डबा निघतो. निदानावर सही त्यांचीच असते आणि ते बरोबरच आहे. प्रवेश परीक्षेचा अभ्यास रात्री करते. प्रवेश मिळाला की फी लागेल, तेव्हा मी स्वतःच मागेन. तुरीचा भाव तेव्हा तरी बरा असो.

आई, काकूंना एक निरोप दे. त्यांच्या पोराला घेऊन त्यांनी जिल्हा रुग्णालयात जावं, पण आधी आधार कार्ड, फोटो आणि रहिवासाचा पुरावा जमवून स्वावलंबन पोर्टलवर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरावा. गावातल्या सेवा केंद्रात भरून मिळेल. आणि तिथे प्रश्न विचारले की शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार न करता, घरी जसं होतं तसंच सांगायचं. सोबत तू गेलीस तर बरं, काका गेले की त्या बोलत नाहीत.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
वैशू