खाणगावांचा वसंत जूनमध्ये येतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एप्रिल-मेमध्ये मुलांकडे अमेरिकेला येणाऱ्या आईवडिलांच्या सहलीत हल्ली कोलोरॅडोतली ओसाड पडलेली खाणगावं आवर्जून असतात. ठिकाणं उत्तम आहेत, पण महिना चुकतो. आपल्याकडच्या सुट्टीच्या हिशेबाने ‘वसंत’ म्हणून आरक्षण केलं जातं आणि वर पोहोचल्यावर रस्ता बर्फाखाली असल्याचं कळतं.

सर्वांत जास्त मागणी असते ती सिल्व्हर्टनजवळच्या अ‍ॅनिमास फोर्क्सला. सिल्व्हर्टनपासून अंतर १२ मैल, उंची सुमारे ११,२०० फूट. चांदीसाठी वसलेल्या या गावात १८८३ साली साडेचारशे माणसं राहत होती. १८८४ मध्ये सलग २३ दिवस बर्फ पडला, तेव्हा एका घरातून दुसऱ्या घरात जायला लोकांनी बर्फात बोगदे खणले. इथला रस्ता साधारण मेअखेर ते जूनमध्ये मोकळा होतो. पुढच्या सिनॅमन (१२,६४० फूट) आणि इंजिनिअर (१२,८०० फूट) या खिंडी त्याहून उशिरा उघडतात. बर्फ जास्त झालेल्या वर्षी जुलै उजाडतो. त्याआधी ‘बघू, जमेल तेवढं जाऊ’ म्हणून निघणारे हमखास अडकतात. सकाळी गोठून टणक झालेला बर्फ गाडी पेलतो, दुपारी उन्हाने भुसभुशीत होतो आणि परतताना तोच थर चाकाखाली खचतो. तिथे मोबाइलला रेंज नसते.

भाड्याच्या साध्या गाडीचा करार नीट वाचावा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर जायला मनाई असते. गेलात तर विमाही लागू होत नाही. अ‍ॅनिमास फोर्क्सपर्यंत उंच बुडाची गाडी हवी, खिंडींसाठी लो रेंज (तीव्र चढ-उतारासाठीचे जादा खालचे गिअर) असलेली फोर-व्हील ड्राइव्ह. सिल्व्हर्टन, यूरे आणि लेक सिटीत अशा जीप भाड्याने मिळतात. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या रोधावरच उतरावं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून काम करेनासे होतात. यूरे ते सिल्व्हर्टन हा पक्का रस्ता ११,०१८ फुटांची रेड माउंटन खिंड ओलांडतो आणि त्याच्या बऱ्याच भागाला कठडा नाही. गाड्या उजवीकडून चालत असल्याने यूरेहून निघणारा दरीच्या बाजूला येतो, सिल्व्हर्टनहून निघणारा डोंगराच्या बाजूला. ज्यांना दरीची खोली पाहून गरगरतं त्यांनी सिल्व्हर्टनहून यूरेकडे यावं.

उंचीचा अंदाज आपल्या लोकांना येत नाही. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे. सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर. भारतातून आल्याआल्या ज्येष्ठांना तिथे नेऊ नये. डेन्व्हरला दोन-तीन रात्री काढाव्यात, आणि डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली तर वर न चढता खाली उतरावं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत करूच नये.

आता खाणींबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. सोडून दिलेल्या खाणीच्या तोंडातून चार पावलंसुद्धा आत जाऊ नये. आतलं लाकूड कुजताना आणि गंधकयुक्त खनिज हवेशी अभिक्रिया करताना ऑक्सिजन खाऊन टाकतात. अशा हवेला वास नसतो. माणूस गुदमरल्याचं कळायच्या आधीच कोसळतो आणि त्याला काढायला धावणाराही तसाच पडतो. बोगद्याच्या जमिनीतच खाली जाणारे उभे खड्डे असतात. ते पाण्याने भरले की टॉर्चच्या उजेडात साधं डबकं वाटतं. बाहेरही धोका आहे: उभ्या खाणीच्या तोंडावर टाकलेल्या फळ्यांवर माती आणि गवत साचलेलं असतं आणि फळ्या सडलेल्या असतात. जुन्या डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं, ते नुसत्या धक्क्यानेही उडू शकतं. बोटाएवढी धातूची नळी दिसली तर उचलू नये. ती स्फोट घडवणारी टोपी (डिटोनेटर) असू शकते. लांब व्हावं आणि रेंज मिळताच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावं.

खाणींतून झिरपणाऱ्या पाण्याने नारिंगी-पिवळ्या झालेल्या ओढ्याचं पाणी गाळूनही पिऊ नये, साध्या गाळणीने विरघळलेले धातू निघत नाहीत. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीतून असं सुमारे ३० लाख गॅलन पाणी सुटलं आणि अ‍ॅनिमास नदी नारिंगी झाली. टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवर मुलांना खेळू देऊ नये. त्यात शिसं आणि आर्सेनिक असतं.

खाण आतून बघायची असेल तर सिल्व्हर्टनजवळच्या ओल्ड हंड्रेड खाणीत मार्गदर्शकासह फेरी होते. हंगामाची तारीख आधी पाहावी आणि उन्हाळ्यातही जाकीट न्यावं.

मग एप्रिल-मेमध्ये आलेल्यांनी काय करावं? लास वेगासला बहुतेक सगळे जातातच. तिथून सुमारे १२० मैलांवर, बीटी गावाजवळ ऱ्हायोलाइट हे ओसाड खाणगाव आहे. १९०५ मध्ये वसलेलं, १९१६ मध्ये वीज तोडली गेलेलं हे गाव जेमतेम ३,८०० फुटांवर आहे. तीन मजली बँकेच्या भिंती आणि हजारो बाटल्या रचून बांधलेलं घर साध्या गाडीने जाऊन पाहता येतं. मेमध्ये सकाळी लवकर पोहोचावं आणि फळ्या-दगडांखाली हात घालू नये, रॅटलस्नेक असतात. कोलोरॅडोतच राहायचं असेल तर सेंट एल्मो या जुन्या खाणगावाला जावं. ते दहा हजार फुटांच्या आसपास असलं तरी तिथवर साधी गाडी जाते. घरं खासगी आहेत, बाहेरूनच पाहावीत.

पर्यटन पुरवणीत अशा ठिकाणांसोबत उंची आणि रस्ता उघडण्याचा महिना छापावा, ही विनंती.

आणखी एक गोष्ट डॉक्टर वाचकांसाठीही. जुन्या बंद घरांत उंदरांच्या लेंड्या असतात. त्यांची धूळ श्वासात गेल्याने हंताव्हायरसचा फुप्फुसांचा आजार होतो. १९९३ मध्ये तो अमेरिकेत प्रथम ओळखला गेला तो कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि यूटा जिथे मिळतात त्या भागात. म्हणून बंद घरात शिरू नये, झाडझूड तर मुळीच करू नये. लक्षणं १ ते ८ आठवड्यांनी दिसतात, तोवर मंडळी पुण्या-नाशकात परतलेली असतात. ताप आणि अंगदुखी बघून तिथे डेंगीचाच विचार आधी होणार. त्यामुळे अशा घरात गेलो होतो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. दम लागू लागला तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं.

– एक वाचक, डेन्व्हर