आप्पा, तुम्ही विचारलंत, ‘तो पेपर कोणाचा?’

बैरूत,
१२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तिकडं कुठला पेपर वाचतेस? आणि तो कोणाचा?” मी ‘अन्-नहार’ एवढं म्हणाले आणि रेंज गेली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तसंही फोनवर मावलं नसतं. आज सुट्टी घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आजच का, ते पुढं येईल.

चाळीस वर्षं तुम्ही कराडच्या स्टँडवर पहाटे चारला गठ्ठे सोडलेत. पुरवण्या भरताना मला सांगायचात, कुठल्या दारात कुठला पेपर पडतो ते नीट बघ, म्हणजे त्या घराशी काय बोलायचं ते कळेल. निवडणुकीआधी कोणी पेपर बदलला की तुम्ही मनाशी नोंद करायचात. ते शिक्षण मला इथं फार उपयोगी पडलं, कारण बैरूतमध्ये पेपर कोणाचा हे कोणी लपवतच नाही. घरमालकीणबाईंकडं पहिल्या दिवशी कॉफी प्यायला गेले, तर टेबलावर निळ्या कोंबड्याचं चिन्ह असलेला अंक होता. ‘नहार’ म्हणजे दिवस, म्हणून आरवणारा कोंबडा. अश्रफिये या ख्रिस्ती वस्तीकडची, शिकलेली, सीरियाच्या नावानं कपाळाला आठी घालणारी बाई. त्यांच्याकडं दुसरा पेपर असणं शक्यच नव्हतं.

खाली हमरा रस्त्यावर पेपर विकणारे एक म्हातारे काका आहेत. मूळचे दक्षिणेकडच्या गावचे. ते स्वतः ‘अल्-अखबार’ वाचतात. हा पेपर १४ ऑगस्ट २००६ ला निघाला, म्हणजे इस्रायलबरोबरची तेहतीस दिवसांची लढाई थांबली त्याच दिवशी. डाव्या विचारांच्या पत्रकारांनी काढलेला आणि हिजबुल्ला या सशस्त्र शिया संघटनेच्या बाजूनं उघड उभा राहणारा. त्याआधी काका ‘अस्-सफीर’ वाचायचे. तलाल सलमान यांनी १९७४ मध्ये काढलेलं ते दैनिक अरब राष्ट्रवादाचं, पॅलेस्टाईनच्या बाजूचं. ‘ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज’ हे त्याचं ब्रीद. पाठमोरा उभा असलेला, हात मागं बांधलेला तो अनवाणी पोरगा, हंदला, मी तुम्हाला एकदा चित्रात दाखवला होता. त्याचे चित्रकार नाजी अल्-अली त्याच पेपरात चित्रं काढायचे. २०१६ संपता संपता पैशाअभावी ‘अस्-सफीर’ बंद पडला. त्याचे जुने अंक काकांनी अजून फळीवर जपून ठेवलेत. एजन्सी सोडताना तुम्ही जुन्या अंकांची पेटी रद्दीवाल्याला दिली नव्हतीत, त्याची आठवण झाली.

आता ‘अन्-नहार’चं. कोणाचा, या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे: तुएनी घराण्याचा. चार पिढ्या. जिब्रान तुएनी यांनी ४ ऑगस्ट १९३३ ला तो सुरू केला. ते १९४७ मध्ये गेले. तेव्हा मुलगा घस्सान एकवीस वर्षांचा होता, अमेरिकेत शिकत होता. तो परत आला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यानं हा पेपर वाहिला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा जिब्रान. आणि आता त्या जिब्रानची मुलगी नायला.

हे घराणं ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. पेपरचा कल उदारमतवादी, बाजारपेठेच्या बाजूचा, पाश्चिमात्य जगाकडं तोंड असलेला. लेबनॉन हा स्वतंत्र देश आहे, त्यात सीरियानं (ज्याचं सैन्य २००५ पर्यंत इथं ठाण मांडून होतं) ढवळाढवळ करू नये आणि सैन्य बाळगायचा हक्क फक्त सरकारचा, हे त्याचं मूळ म्हणणं. त्यामुळं विरोधक त्याला श्रीमंत ख्रिश्चनांचा पेपर म्हणतात. हिजबुल्लाच्या बाजूची माणसं त्याहून कडक शब्द वापरतात.

पण तुम्हीच म्हणायचात, पेपरचा कल वेगळा आणि पत वेगळी. कल पहिल्या पानावर दिसतो, पत कळायला आतली पानं उलटावी लागतात. काकांना मी एकदा विचारलं, तुम्हाला हा पेपर पटत नाही, मग रोज चाळता कशाला? ते म्हणाले, “मत माझ्या पेपरात वाचतो. काय घडलं ते इथं पडताळतो.” आप्पा, एखाद्या पेपरला विरोधकाकडून याहून मोठी पावती कुठली मिळणार?

ही पत कशी आली, ते मी गेली तीन वर्षं ग्रंथालयात बसून शोधतेय. एक कारण म्हणजे या पेपरनं आपल्या मताबाहेरच्या माणसांना पानं दिली. त्याची ‘मुलहक’ नावाची साप्ताहिक पुरवणी होती. इथल्या १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धानंतर बरीच वर्षं ती एलियास खूरी यांच्या हाती होती. ते पक्के डावे, तरुणपणी पॅलेस्टिनी चळवळीत उतरलेले. समीर कसीरही तसेच. वडील पॅलेस्टिनी, आई सीरियन, स्वतः डाव्या विचारांचे इतिहासकार, आणि दर शुक्रवारी या तथाकथित श्रीमंतांच्या पेपरात स्तंभ लिहायचे. लेबनॉनचं स्वातंत्र्य आणि सीरियातली लोकशाही एकाच दोरीनं बांधलेली आहे, असं ते मांडायचे. सीरियन माणसांबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता. राग होता तो तिथल्या राजवटीवर.

दुसरं कारण किंमत मोजण्याचं. घस्सान तुएनी लिहिल्याबद्दल एकापेक्षा अधिक वेळा तुरुंगात गेले. १९७३ मध्ये अल्जीयर्सच्या अरब शिखर परिषदेचे गुप्त ठराव छापले म्हणून त्यांना पकडलं. हे वाचताना मला केसरी आणि मंडाले आठवल्याशिवाय राहिलं नाही. माणूस मात्र नुसता संपादक नव्हता. मंत्री झाला, राजदूत झाला. एका हातात लेखणी आणि दुसऱ्यात सरकारी खुर्ची हे मला खटकतं, ते मी लपवत नाही. तरी त्यातलं एक काम आपल्याही लोकांशी जोडलेलं आहे. १९७८ मध्ये इस्रायलनं दक्षिण लेबनॉनवर आक्रमण केलं तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांत लेबनॉनचे प्रतिनिधी होते. “माझ्या लोकांना जगू द्या,” असं त्यांनी सुरक्षा समितीपुढं कळवळून सांगितलं. १९ मार्चला ४२५ क्रमांकाचा ठराव झाला आणि शांतिसेना आली. त्याच शांतिसेनेत १९९८ पासून भारतीय सैन्याची तुकडी आहे. दक्षिणेत मी गेले होते तेव्हा निळ्या टोपीतला आपला एक जवान भेटला, साताऱ्याकडचा. दोन मिनिटं मराठी बोललो आणि दोघांचेही डोळे भरले. पुढच्या वर्षअखेरीस या शांतिसेनेची मुदत संपणार आहे, असा ठराव ऑगस्टमध्ये झालाय.

आता आजच्या दिवसाबद्दल.

२००५ साल या पेपरच्या जिवावर उठलं. १४ फेब्रुवारीला माजी पंतप्रधान रफीक हरीरी बॉम्बस्फोटात मारले गेले. संशय सीरियावर होता. सीरियन सैन्यानं परत जावं म्हणून १४ मार्चला शहीद चौकात माणसांचा समुद्र लोटला. तिथं जिब्रान तुएनीनं जमावाकडून शपथ म्हणवून घेतली: आम्ही मुसलमान आणि ख्रिस्ती, लेबनॉनच्या रक्षणासाठी कायम एकत्र राहू. इथल्या मुलांना ती शपथ पाठ आहे. २६ एप्रिलपर्यंत शेवटचा सीरियन सैनिक परत गेला. मग २ जूनला समीर कसीर अश्रफियेत घराबाहेर गाडीत बसले आणि गाडीखाली लावलेला बॉम्ब फुटला. जिब्रान खासदार झाला, पण मारणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव आहे हे ओळखून बरेच दिवस पॅरिसला राहिला. ११ डिसेंबरच्या रात्री तो परतला. १२ तारखेला सकाळी कचेरीकडं निघाला असताना मकल्लेसच्या रस्त्यावर त्याची गाडी उडवली. वय ४८. आज त्याला वीस वर्षं झाली.

बाप ऐंशीच्या घरात होता. बायको कॅन्सरनं गेलेली, मुलगी सात वर्षांची असताना गेलेली, एक मुलगा पॅरिसला मोटार अपघातात गेलेला. उरलेला हा एकच. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभं राहून घस्सान तुएनींनी सूड मागितला नाही. जिब्रानबरोबर द्वेष आणि सूडही पुरून टाकूया, असं ते म्हणाले. ते चित्रीकरण मी पाहिलं. आवाज कापतो, पण शब्द चुकत नाही. मी ते पुन्हा पाहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी पेपर निघाला, मथळ्यात एवढंच की जिब्रान मेला नाही आणि ‘अन्-नहार’ चालू राहील. म्हातारा बाप परत संपादकाच्या खुर्चीत बसला. २०१२ मध्ये तो गेला. ना कसीरच्या खुन्यांना शिक्षा झाली, ना जिब्रानच्या. गेल्या वर्षी ८ डिसेंबरला सीरियातली असद राजवट कोसळली, तेव्हा घरमालकीणबाईंनी जिब्रानच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझा या पेपरवर जीव जडलाय हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण तुमची मुलगी आहे, म्हणून खोट्या तोलावर तोलणार नाही. काही वर्षांपूर्वी याच पेपरात एक लेख आला, ‘हमरा आता लेबनीज राहिला नाही’ अशा आशयाचा. म्हणजे मी राहते तो रस्ता सीरियन निर्वासितांमुळं बिघडला असा सूर. त्यावर मोठा गदारोळ झाला, वंशद्वेषाचा आरोप झाला आणि तो रास्त होता. माझ्या कोपऱ्यावर भाजी विकणारा पोरगा अलेप्पोचा आहे, मी त्याच्याकडूनच कोथिंबीर घेते. कसीरच्या पेपरात असा लेख छापला जावा याचं मला मनापासून वाईट वाटलं. पैशाची चणचण भासू लागल्यावर कित्येक वर्षं राबलेल्या माणसांना कामावरून काढलं, हेही खरं. पत एकदा कमावली म्हणून कायमची राहते असं नाही, हे तिथल्या जुन्या वाचकांनाही जाणवतंय.

तुमच्या धंद्याशी मिळतीजुळती एक गंमत सांगते. इथं १९५३ पासून राजकीय दैनिकाला नवा परवाना मिळत नाही. कोणाला पेपर काढायचा असेल तर जुन्या, बंद पडलेल्या पेपरचा परवाना विकत घ्यायचा. आपल्याकडं एजंट आपली लाईन विकतात ना, अगदी तसं! ज्याच्याकडं पैसा तोच परवाना घेणार, आणि पैसा कधी हरीरींकडून येतो, कधी आखातातून, कधी दमास्कसहून यायचा, कधी तेहरानहून. जाहिरातींवर आणि खपावर इथला पेपर जगूच शकत नाही, देशच केवढासा. म्हणून ‘कोणाचा’ हा प्रश्न इथं कोणी रागानं विचारत नाही. दुकानात भाव विचारावा तसा विचारतात.

आणखी एक अंक तुम्हाला हातात धरायला आवडला असता. २०१८ च्या मे महिन्यात निवडणूक झाली, पण पुढाऱ्यांच्या वाटाघाटीत पाच महिने सरकारच बनेना. ११ ऑक्टोबरला ‘अन्-नहार’ची आठ पानं कोरी निघाली. वर नाव, तारीख, आणि खाली काही नाही. आणीबाणीत आपल्याकडं अग्रलेखाची जागा कोरी सुटली होती, ती गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत. तिथं सेन्सॉरविरुद्ध होती, इथं पुढाऱ्यांच्या ढिम्मपणाविरुद्ध. काका सांगतात, त्या दिवशी लोक पैसे मोजून कोरा कागद घेऊन गेले आणि एकानंही परत आणला नाही.

४ ऑगस्ट २०२० ला बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेवर माणसं गेली. तो या पेपरचा वाढदिवस होता. शहीद चौकाजवळची त्यांची इमारत बंदरासमोरच, सगळ्या काचा कचेरीत आल्या, माणसं जखमी झाली. तरीही पेपर निघाला. मी परवा तिथून गेले. इमारतीवर जिब्रानचं मोठं चित्र आहे. खाली उभी राहिले तर मला आपल्या स्टँडवरची पहाट आठवली, पुरात रस्ता बंद असताना तुम्ही गुडघाभर पाण्यातून गठ्ठे डोक्यावर घेऊन आला होतात ती. आई ओरडत होती, एक दिवस पेपर नाही पडला तर काय होतंय? तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत.

माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर आजचा अंक पाठवते, दादानं दादरला जाऊन घ्यावा. आईसाठी झातर या इथल्या मसाल्याची पुडी आहे, ती तेलात कालवून भाकरीला लावायची. अंक उजवीकडून उघडतो, आप्पा. तुमच्या सवयीनं हात लावलात तर आधी शेवटचं पान येईल. पालथा करा, मग कोंबडा दिसेल. त्याखालचं मोठ्या अक्षरांतलं मी पेन्सिलीनं देवनागरीत लिहून ठेवलंय.

सर्वांना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी