पाठदुखीचं नाव कळलं

ती. आईबाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी सांगतो: मी चालतोफिरतो आहे, नीट जेवतो आहे, ऑपरेशन नाही. फोनवर आई रडायला लागते आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

दोन महिने आपण जिला खुर्चीची पाठदुखी म्हणत होतो, तो कंबरेच्या मणक्यातला संसर्ग निघाला. जंतूचं नाव ब्रुसेला. बाबा, टीबी नाही. तुमची शंका वावगी नव्हती, डॉक्टरांनाही आधी तीच आली. टीबी जास्त करून छातीमागच्या मणक्यांत शिरतो आणि मणका खचवतो. हा बहुधा कंबरेत बसतो, मणक्याचा आकार बराच टिकतो. तरी एमआरआयवर दोन्ही सारखे दिसू शकतात. पहिला एक्सरे साफ होता, म्हणून तर तुम्हाला ‘काही नाही’ म्हणालो. खोटं नव्हतं ते.

इथली एक रीत मात्र मला कळेना. दाखवायची पाठ, आणि डॉक्टर पाठीला हात लावायच्या आधी विचारतात, कच्चं दूध प्यालास? गोठ्यात गेलास? शेळी व्यायली तेव्हा जवळ होतास? मग नर्स तेच विचारते, रक्त घेणारा तेच. मला वाटलं थट्टा चाललीय. पण आजार जनावरांकडून येतो, आणि संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कंबर यांची सांगड त्या प्रश्नाशिवाय लागत नाही. प्रयोगशाळेलाही आधी कळवावं लागतं, नाहीतर नमुना हाताळणाऱ्यालाच श्वासातून लागण होऊ शकते. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं, त्यालाही वेळ लागतो. माझी रक्ताची अ‍ॅग्लुटिनेशन तपासणी (किती पट पातळ करूनही जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं दिसतात ते बघणारी) १:६४० आली. १:१६० पासून दखल घेतात.

होय आई, प्यालो. मित्राच्या गोठ्यावर, न तापवलेलं. तू काय म्हणशील ते पाठ आहे.

गोळ्या किमान १२ आठवडे. त्यातली रिफाम्पिसिन टीबीचीही आहे, तिने लघवी नारिंगी होते. बाबांनी घाबरू नये. माणसाकडून माणसाला हे सहसा होत नाही.

रजा अर्ध्या पगाराची आहे, तेव्हा तीन महिने पैसे कमी येतील. छोटीच्या लग्नाची तारीख हलवू नका. डॉक्टर मला लग्नाला सोडतील असं वाटत नाही, पण तिला एवढ्यात सांगू नका. आणि मुलाकडच्यांनी विचारलं, तर सुट्टी मिळाली नाही म्हणा. मणका म्हटलं की ते टीबीच ऐकतील.

तुमचा,
बाळू