अशोकाचा एक दगड आपल्या सोपाऱ्यातलाही आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सम्राट अशोक म्हटलं की एकच स्टोरी, कलिंगचं युद्ध झालं, रक्त बघून राजा हेलावला, बौद्ध झाला, संपलं. जयंतीला व्हॉट्सअॅपवर पण तेच फॉरवर्ड. अहो पण त्यानंतर हा माणूस पंचवीसेक वर्षं तरी राज्य करत होता, त्याचं काय?

अशोकाने राज्यात ठिकठिकाणी दगडांवर तेच 14 मोठे लेख कोरून घेतले. त्यातल्या 13व्या शिलालेखात त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की 1 लाख माणसं मारली, दीड लाख धरून नेली आणि मला त्याचा पश्चात्ताप होतोय. स्वतःची चूक दगडात कोरणारा दुसरा राजा मला तरी आठवत नाही. पण हाच लेख ओडिशात, म्हणजे तेव्हाच्या कलिंगात, धौली आणि जौगडला नाही, म्हणजे जिथे घडलं तिथल्याच लोकांना वाचायला नाही! तिथे वेगळे दोन लेख आहेत, सगळी माणसं माझी लेकरं म्हणणारे आणि अधिकाऱ्यांना दम देणारे की कोणाला उगाच डांबू नका. कलिंग मात्र त्याने परत दिलं नाही. म्हणून मला तो संत वाटत नाही, पक्का राज्यकर्ता वाटतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच जास्त आवडतो.

पहिल्या लेखात तो म्हणतो की माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो जीव मारले जायचे ते आता तीनवर आणलेत, दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही बंद करणार. एकदम बंद केलं अशी थाप नाही मारली. सहाव्यात तर, मी जेवत असलो, अंतःपुरात असलो तरी लोकांचं काम असेल तर मला येऊन सांगा. आता आपण एखाद्या ऑफिसात लंच टाइमला जाऊन बघावं.

आणि हे सगळं लांब कुठेतरी नाही हो. 1882 मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यात, म्हणजे मुंबईजवळच्या आजच्या नालासोपाऱ्यात, आठव्या लेखाचा तुकडा सापडला, 1956 मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा. आठव्यात तो सांगतो की आधीचे राजे शिकारीला, मौजमजेला फिरायचे, मी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली, म्हणजे लोकांना भेटायचं, म्हाताऱ्यांना मदत करायची. नालासोपाऱ्याहून रोज लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे माहितीये?

तर विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एकेका लेखाचं साध्या मराठीत भाषांतर छापा. मोठे लेख एकूण 14 आहेत, म्हणजे 14 रविवार. सुरुवात आठव्यापासून केलीत तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक