कोपऱ्यावरचा पोरगा

प्लेनो, टेक्सास
८ जानेवारी

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, मग उलटा करायची लाज वाटली. लाज जुनी झाली की तिचा आळस होतो, तसं झालं. शुगर ठीक, खांदा दुखतो, बाकी बरं. शिव्या भेटल्यावर दे. आज लिहितोय ते एका पोरापायी. घरात विषय काढला तर ही म्हणते, "दुसऱ्याच्या पोराचं तुम्हाला काय पडलंय?" तुला कळेल काय पडलंय ते.

शेजारचा पोरगा कॉलेजात फुटबॉल खेळतो. आपला नव्हे, हेल्मेटवाला. जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे लेका, कबड्डीतली तुझीच: कोपरा. समोरच्या झेलणाऱ्याला कुठं पळायचंय ते ठाऊक, याला नाही. यानं उलटं पळत, कंबर खाली ठेवून, तो खरा वळेपर्यंत दम धरायचा. हुलीवर उडी मारली की संपलं.

पोरगा ६ फूट २ इंच, हात हे लांब, उडी मांजराची. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, ४.३५ सेकंदांत पळतो. हातातल्या घड्याळावर हां. हातातलं घड्याळ नेहमी पोराच्या बाजूनं असतं, आपल्या सरांचं असायचं तसं. पण दोन वर्षं तो चेंडू झेलणाऱ्यांत होता. कोपऱ्यावर आणून एकच हंगाम झालाय, आणि आता कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून ड्राफ्टमध्ये उतरायचं म्हणतो, म्हणजे वरच्या व्यावसायिक लीगचे संघ फेरीफेरीनं पोरं निवडतात त्यात. नाव द्यायची मुदत पुढच्या आठवड्यात. लीगची एक समिती अशा पोरांना आधी अंदाज देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, नाहीतर कॉलेजात परत जा. याला तिसरं उत्तर आलं. बापाचं गणित असं की फेऱ्या सात असतात, पाच उरल्याच की.

बाप लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आला, कारण मॅच बघताना मी वह्या भरतो हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. (हसू नकोस. तूही पंचांच्या चुका लिहून ठेवायचास.) चार मॅचेस तीन-तीनदा बघितल्या. पळण्यात कुणी त्याला मागं टाकत नाही. चुकला तरी दोन ढांगांत गाठतो, आणि गाठतो म्हणूनच चूक कुणाला दिसत नाही. पहिल्या हुलीला कंबर फिरवतो, समोरच्याला पाठ दाखवतो, मग घाबरून त्याचा दंड धरतो. कॉलेजात हे खपतं. तिथं चेंडू हवेत जाईपर्यंत अंगाला हात लावला तरी बराच चालतो, आणि चेंडू हवेत असताना अडवलं तरी दंड फार तर १५ यार्ड. वरच्या लीगमध्ये ५ यार्डांपुढं धक्का चालत नाही, आणि असं अडवलं तर जिथं अडवलं तिथंच चेंडू ठेवतात, ४० यार्ड पुढं का असेना. आज तो वाचतो, ती चूक तिथं मॅच घालवेल.

बापाच्या तोंडी सारखा टॅरिक वूलन. आमच्या टेक्सासचाच, तोही आधी झेलणारा. २०२२ साली ४.२६ पळाला, पाचव्या फेरीत १५३वा गेला आणि सिअॅटल संघाकडून पहिल्याच हंगामात समोरच्यांचा चेंडू पळवण्यात लीगमध्ये संयुक्त पहिला, ६ वेळा. मी म्हटलं, त्याच साली बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स ४.२३ पळाला, वूलनपेक्षाही जोरात. तो सातव्या फेरीत २४२वा गेला, आणि पुढं कुठंच टिकला नाही. आणि सिअॅटलचाच रिचर्ड शर्मन, तोही मुळात झेलणारा, पळायला या दोघांहून सावकाश, २०११ साली १५४वा गेला आणि आपल्या काळातला पहिल्या रांगेतला कोपरा झाला. मग घड्याळ काय सांगतं? बाप म्हणाला, "तू वकील व्हायला हवा होतास."

इथवर मी अगदी तयार होतो, "थांब, एक वर्ष शीक" म्हणायला. मग बाप हळूच म्हणाला, "आणि त्या वर्षात पाय मोडला तर?"

बंड्या, मला बोलताच आलं नाही. तुझा गुडघा डोळ्यांपुढं आला.

९४ ची निवड आठवते ना. निवडणाऱ्यांनी माझी उडी बघितली आणि तुझ्या जागी मला घेतलं. घोटा धरायचा कसा ते मला धड ठाऊक नव्हतं. राज्य स्पर्धेत एकाच सामन्यात तीनदा हुलीवर झेपावलो, तीनदा बाद. तू दोन वर्षं बोलला नाहीस. माझ्या लग्नात जिलबी खाताना म्हणालास, "जागा घेतलीस त्याचं काही नाही, वाया घालवलीस ते सलतं." मी चिडून उठलो होतो. बरोबरच होतं तुझं. जिलबी मात्र तू माझ्याही ताटातली खाल्लीस, ते मी विसरलेलो नाही.

पण तू थांबलास, शिकलास, तयार झालास, आणि पुढच्याच पावसाळ्यात सरावात गुडघा गेला. मग त्या पोराला मी कुठल्या तोंडानं थांब म्हणू? आणि जा म्हणू तरी कसं? काल रात्री तो कचऱ्याचा डबा बाहेर काढत होता. मला विचारलं, "अंकल, तुम्ही असता तर मला घेतलं असतं?" मी म्हटलं, "उडी बघून घेतलं असतं." तो खूश झाला. मला झोप नाही.

वहिनींना नमस्कार. धाकटीच्या बारावीचं कळव. अकादमीच्या मॅटचे पैसे दोन दिवसांत पाठवतो, खरंच. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

सहा क्लिपा तुझ्या मोबाइलवर टाकल्यात. चेंडूकडं बघू नकोस, त्याच्या कमरेकडं बघ, विशेषतः चौथीत. बापलेक रविवारी संध्याकाळी सातला येणार आहेत. तुमच्याकडं सोमवारी सकाळी सहा वाजता इथं रविवार संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तेव्हा फोन कर. उचलतो.

तुझा,
दिल्या